उंटावर कोण बसलंय?

खेळाच्या प्रशिक्षणाची पदविका मी दूरशिक्षणाने केली, हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. त्यामागचं वाक्य कुणी बोलून दाखवतं, कुणी गिळतं: म्हणजे पोहणं पोस्टाने शिकलात! एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी तर सरळ म्हणच वापरली. ‘‘उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार आहे हा.’’ राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण म्हण अगदी बरोबर होती. फक्त उंटावर त्यांनी भलत्याच माणसाला बसवलं होतं. माझ्या शेळ्या, म्हणजे बारा ते चौदा वयाच्या अठरा व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली, रोज संध्याकाळी माझ्याभोवती गलका करत होत्या. धुळीत मीच होते. उंटावर होती ती मला शिकवणारी संस्था.

दूरशिक्षणाने तयार झालेल्या प्रशिक्षकाला निवासी अभ्यासक्रम केलेल्याच्या पंगतीत बसवावं की नाही, हा वाद क्रीडाक्षेत्रात मिटत नाही. बसवावं म्हणणारे सोय सांगतात: नोकरी न सोडता, घर न सोडता शिकता येतं. नको म्हणणारे मैदान सांगतात: घाम गाळल्याशिवाय प्रशिक्षक होत नाही. दोघंही विद्यार्थी आणि वर्ग यांच्यातलं अंतर मोजत बसतात. मला वाटतं ते अंतर बिनमहत्त्वाचं आहे. शिकणारा प्रशिक्षक जेव्हा खरोखर खेळाडूंसमोर उभा असतो, तेव्हा त्याच्याकडे कुणी जाणता माणूस पाहतो आहे का, एवढं विचारावं. या एका प्रश्नावर बरेच दूरशिक्षण अभ्यासक्रम नापास होतात, हे मी त्यांचीच विद्यार्थिनी म्हणून सांगते. पण बरेच निवासी अभ्यासक्रमही नापास होतात, आणि ते कुणी बोलत नाही.

आधी या शिक्षणातलं जगणं कसं असतं ते सांगते. दिवसा नोकरी, संध्याकाळी मैदान, रात्री अकरानंतर अभ्यास. बुटांतली माती खोलीभर झालेली, कोपऱ्यात हवा गेलेल्या चेंडूंची जाळी, आणि समोर पडद्यावर स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या तीन व्यवस्था. पहिल्या काही सेकंदांचा स्फोट कशावर चालतो, त्यानंतर काय, दीर्घ पळापळीत काय. पहिल्या महिन्यात मला वाटलं, हे मला कशाला हवं? चौथ्या महिन्यात लक्षात आलं की मी मुलींना ‘दम वाढवा’ म्हणून मैदानाला बारा फेऱ्या मारायला लावते आणि व्हॉलीबॉलमधली बहुतेक रॅली पंधरा सेकंदांच्या आत संपते. ज्या दिवशी हे वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी फेऱ्या बंद झाल्या. निवासी अभ्यासक्रमात हे मी वहीत उतरवून घेतलं असतं, आणि वही घरी पोचेपर्यंत फेऱ्या चालूच राहिल्या असत्या.

स्वाध्यायांची मुदत आणि स्पर्धेची तारीख नेहमी एकाच आठवड्यात येते, हा तर निसर्गनियम असावा. स्पर्धेहून परतताना बसमध्ये, झोपलेल्या मुलींच्या मध्ये बसून, मी ‘प्रशिक्षण आराखड्याचे टप्पे’ हा स्वाध्याय फोनवर टाइप केला आहे. त्यात लिहिलं होतं की स्पर्धेनंतर विश्रांतीचा टप्पा येतो. कुणाचा, ते लिहिलं नव्हतं.

आणि सहाध्यायी. आमच्या गटात एक जलतरण प्रशिक्षक, एक तिरंदाजीवाल्या, एक व्हीलचेअर बास्केटबॉल शिकवणारे. एका खेळाच्या शिबिरात ही माणसं मला कधी भेटली नसती. मी सरावाचं एक ध्वनिमुद्रण गटात टाकलं तेव्हा तिरंदाजीवाल्या बाईंनी विचारलं, ‘‘तुम्ही खेळाडूशी इतकं बोलता कशाला?’’ मी दुखावले. मग ऐकून पाहिलं. वीस मिनिटांत मी ‘शाब्बास’ आणि ‘चला चला’ याशिवाय जवळजवळ काहीच बोलले नव्हते.

या बडबडीवर एक जुना अभ्यास आहे, आणि तो प्रत्येक प्रशिक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे. रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५च्या हंगामात बास्केटबॉलचे विख्यात प्रशिक्षक जॉन वुडन यांचे सराव बाजूला बसून पाहिले आणि त्यांच्या २,३२६ शिकवण्याच्या कृती नोंदवल्या. निम्म्याहून किंचित अधिक निव्वळ सूचना होत्या: काय करायचं आणि कसं करायचं. कौतुक सुमारे सात टक्के, रागावणं जवळपास तेवढंच. आपण ‘प्रेरणा’ नावाने जे काही मैदानावर ओतत असतो, त्याला तिथे मोजकी जागा होती. मला या अभ्यासातले आकडे आवडतात, पण त्याहून त्याची रीत आवडते. दोन माणसं बाजूला बसली आणि त्यांनी पाहिलं. बस्स.

कारण प्रशिक्षकाला स्वतःचं काम दिसत नाही. हे माझं मत नव्हे. रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी १९७०च्या दशकात मुलांच्या बेसबॉल संघांवर काम केलं. त्यांनी प्रशिक्षकांचं वागणं नोंदवलं, मग प्रशिक्षकांना विचारलं की तुम्ही कसे वागता, आणि मुलांनाही विचारलं की तुमचे प्रशिक्षक कसे वागतात. मुलांचं वर्णन प्रत्यक्ष नोंदींच्या जास्त जवळ निघालं. प्रशिक्षकांना स्वतःच्या वागण्याचा पत्ताच नव्हता. त्यातल्या त्यात शिक्षा करण्याचं काय ते त्यांना थोडंफार उमगलेलं होतं. आपला चेहरा आपल्याला सोडून सगळ्यांना दिसतो, तसलाच प्रकार.

आता निवासी अभ्यासक्रमाची बाजू घेऊ. तिथे शिकवणारे जवळ असतात, हे खरं. पण शिकायला मिळतं कुणावर? आमच्या अभ्यासक्रमात पाच दिवसांचं संपर्कसत्र होतं, म्हणजे पाच दिवसांचा निवासी अभ्यासक्रमच म्हणा. प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकाने वीस मिनिटांचं सराव सत्र घ्यायचं, आणि बाकीच्यांनी ‘बारा वर्षांचे खेळाडू’ व्हायचं. चाळिशीतले, पोट सुटलेले, मिश्या राखलेले बारा वर्षांचे खेळाडू! सांगितल्याबरोबर रांगेत उभे राहिले. एकानेही चेंडू पायाने उडवला नाही. एकीलाही मैत्रिणीशी अबोला असल्यामुळे तिच्या जोडीला जायचं नव्हतं असं झालं नाही. कुणी रडलं नाही. सगळ्यांना उत्तम गुण मिळाले. मी त्या दिवशी जे घेतलं ते सत्र परत येऊन मुलींबरोबर घेतलं, तर सातव्या मिनिटाला कोसळलं.

उसन्या खेळाडूंवर प्रशिक्षण शिकणं ही खरी दूरची गोष्ट आहे. दूरशिक्षणातल्या विद्यार्थ्याकडे त्याचे स्वतःचे खेळाडू असतात. उद्याही असतात, परवाही असतात. आज केलेल्या प्रयोगाचं फळ तीन महिन्यांनी त्यालाच खावं लागतं. ही केवढी मोठी शैक्षणिक संपत्ती आहे, आणि अभ्यासक्रम आखणारे ती कशी वाया घालवतात, ते पाहून मला आजही चुटपुट लागते.

एक उदाहरण देते, कारण इथे मुद्दा खरा उघडा पडतो. कौशल्य शिकण्याच्या घटकात सरावाच्या क्रमावरचं संशोधन होतं. १९८६ मध्ये गुड आणि मॅगिल या संशोधकांनी बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस नवशिक्यांना शिकवल्या. एका गटाने एका प्रकाराचा सराव पुरा करून मग दुसरा घेतला. दुसऱ्या गटाने तिन्ही प्रकार उलटसुलट क्रमाने केले. नंतर घेतलेल्या चाचणीत उलटसुलट क्रमवाल्यांनी बाजी मारली. बाजू बदलून सर्व्हिस करायला सांगितली तेव्हाही त्यांनीच. त्याआधी, १९७९ मध्ये, शे आणि मॉर्गन यांनी प्रयोगशाळेत हेच दाखवलं होतं, आणि त्यातली गंमत अशी की सराव चालू असताना एका वेळी एकच गोष्ट करणारे जास्त चांगले दिसतात. म्हणजे जो सराव नीटनेटका दिसतो तो कमी शिकवतो, आणि जो गबाळा दिसतो तो जास्त.

परीक्षेत यावर चार पर्यायांचा प्रश्न होता. मी बरोबर खूण केली, एक गुण मिळवला. संस्थेच्या लेखी मला ते ‘आलं’.

मैदानावर काय झालं ते वेगळंच आहे. मी सर्व्हिसचा सराव मोडला. एक लांब, एक आखूड, एक रेषेवर, मग परत लांब. दोन आठवडे नुसत्या चुका. चेंडू जाळ्यात, चेंडू कुंपणापलीकडे. पालक कठड्यावर बसून पाहत होते, आणि एका वडिलांनी शांतपणे विचारलं, ‘‘मॅडम, पूर्वी पोरी बऱ्या खेळायच्या ना?’’ मुलीही कुरकुरल्या. संशोधनात पालक नसतात. संशोधनात पुढच्या शनिवारी सामना नसतो. किती दिवस हे सहन करायचं, अगदी नवख्या मुलीला आधी थोडा सरळ सराव द्यावा का, पालकांना काय सांगावं, या प्रश्नांची उत्तरं मी एकटीने, चाचपडत शोधली. काही चुकली. माझ्या मते प्रशिक्षक म्हणून मी त्या दोन आठवड्यांत जितकी शिकले तितकी पूर्ण वर्षात शिकले नाही. आणि अभ्यासक्रमाला त्या दोन आठवड्यांचा पत्ताही नव्हता. तिथे तो एक गुण नोंदलेला होता.

दूरशिक्षणाची सुरुवात अशी नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. १८४० मध्ये इंग्लंडमध्ये स्वस्त टपाल सुरू झालं आणि आयझॅक पिटमन पोस्टाने लघुलिपी शिकवू लागले. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा, आणि तो तपासून त्याच्याकडे परत जायचा. सगळी किमया त्या परत जाण्यात होती. छापील धडे तर पुस्तकांत आधीही होतेच. पोस्टाने आणली ती चूक दाखवणारी लाल शाई. आज आपल्याकडे त्यांच्यापेक्षा हजारपट वेगाचं टपाल आहे, ज्यातून हलतं चित्र आणि आवाज जातो, आणि त्यातून आपण काय पाठवतो? शिकवणाऱ्याची व्याख्यानं. एकाच दिशेने. परत येतात त्या पर्यायांवरच्या खुणा, आणि त्या यंत्र तपासतं.

असं का होतं, हे कळायला फार डोकं लागत नाही. व्याख्यान एकदा चित्रित केलं की शंभर जणांनी पाहिलं काय आणि दहा हजारांनी पाहिलं काय, खर्च जवळपास तोच. पण वीस मिनिटांचा सराव पाहायला जाणत्या माणसाची वीस मिनिटं जातात, आणि दहा हजार जणांना दहा हजार वेळा जातात. डोळ्यांची छायाप्रत निघत नाही. म्हणून संस्था डोळ्यांवर काटकसर करतात आणि व्हिडिओंच्या संख्येची जाहिरात करतात. विद्यार्थ्यांनाही ते सोयीचं पडतं, हेही कबूल करते. स्वतःचं चित्रण दुसऱ्याला दाखवण्यापेक्षा दहा प्रश्न सोडवणं कुणालाही सोपं.

मला ती सवय एका शिक्षकामुळे लागली. आमच्या अभ्यासक्रमात चित्रणाचा स्वाध्याय ऐच्छिक होता. मी पालकांची लेखी परवानगी घेतली (लहान मुलांचं चित्रण कुठे साठवलं जाणार, कोण पाहणार, हे लेखी असलंच पाहिजे, आणि यात बऱ्याच संस्था ढिल्या आहेत), फोन कुंपणाला बांधला आणि माझ्या मते एक झकास सत्र पाठवलं. सूचना थोडक्यात, ‘शाब्बास’ मोजून. उत्तर आठ दिवसांनी आलं. दोनच ओळी. ‘सूचना स्पष्ट. निळ्या मोज्यांच्या मुलीला चौथ्या मिनिटापासून पंधराव्यापर्यंत चेंडू मिळालेला नाही. तुम्ही त्या वेळेत तिच्याकडे एकदाही पाहिलेलं नाही.’

मी ते चित्रण पुन्हा लावलं. अकरा मिनिटं ती मुलगी रांगेत पुढे सरकत होती आणि तिची पाळी आली की हळूच मागे जात होती. इतक्या सफाईने, की अठरा मुलींमधून कुणाला कळू नये. हा प्रकार किती महिने चालला असेल कुणास ठाऊक. मी रोज तिथे होते. मैदानापासून लांब, कुठल्या तरी खोलीत बसलेल्या माणसाला तो दिसला.

तेव्हा ‘दुरून दिसत नाही’ हा आक्षेप माझ्यापुरता संपला. पाहायचं ठरवलं तर दुरून दिसतं. न पाहायचं ठरवलं तर शेजारी उभं राहूनही दिसत नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र पूर्ण मान्य करायला हवं, आणि दूरशिक्षणवाल्यांनी त्यावर चालढकल करू नये. काही गोष्टी हातांनीच शिकाव्या लागतात. खेळाडू कोसळला, हृदय थांबलं, तर छाती पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते. हे वाक्य पाठ असलेल्या माणसाला पुतळ्यावर पहिल्यांदा दाबायला सांगा. बहुतेक जण घाबरत, वरवर दाबतात. जिम्नॅस्टिक्समध्ये उलटी उडी घेणाऱ्या मुलाला आधार देणं, वजन उचलताना बार निसटला तर काय करायचं, पाण्यातून माणूस बाहेर काढणं, हे पडद्यावरून शिकवल्याचा दावा करणाऱ्या अभ्यासक्रमाची मान्यता त्याच दिवशी काढावी. यात सवलत नको. आमच्या पाच दिवसांच्या संपर्कसत्रात अर्धा दिवस प्रथमोपचार होते आणि दीड दिवस उद्घाटन, समारोप व मान्यवरांची भाषणं. मिशीवाले बारा वर्षांचे खेळाडू त्याखेरीज.

दुसरा आक्षेप असा की चित्रण पाठवायचं म्हटल्यावर माणूस त्या दिवसापुरता चांगला वागतो. वागू दे. चांगलं सत्र कसं असतं हे त्याला ठाऊक आहे, एवढं तरी कळतं. आणि निळे मोजे लपत नाहीत. शिवाय आज लिखित स्वाध्याय यंत्राकडून लिहून घेता येतो, आणि घेतले जातातच, हे आपण सगळे जाणतो. प्रशिक्षण आराखड्यावरचा निर्दोष निबंध आता कशाचाच पुरावा राहिलेला नाही. पण अठरा मुलींसमोरची माझी वीस मिनिटं माझ्याऐवजी दुसरं कुणी उभी करू शकत नाही.

हा सगळा खटाटोप परवडेल का, असं संस्था विचारतील. थोड्याशा प्रशिक्षणाने काय साधतं त्याचा एक दाखला पुन्हा स्मिथ आणि स्मोल यांच्याच कामात आहे. १९९२ मध्ये त्यांनी बार्नेट यांच्यासह एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही प्रशिक्षकांना हंगामाआधी जेमतेम अडीच तासांची कार्यशाळा दिली होती: कौतुक कशाचं करायचं, चुकीनंतर काय बोलायचं, आणि स्वतःच्या वागण्याची नोंद कशी ठेवायची. पुढच्या वर्षी त्यांच्या संघांतल्या पाच टक्के मुलांनी खेळ सोडला. ज्यांना ती कार्यशाळा मिळाली नव्हती त्यांच्या संघांत हे प्रमाण २६ टक्के होतं. अडीच तास! माझ्या अभ्यासक्रमात त्याहून लांब ऑलिंपिकचा इतिहास होता.

निवासी अभ्यासक्रमाला सहा आठवडे घर सोडून जाणं कुणाला जमतं, याचाही विचार व्हावा. लहान मूल असलेल्या बाईला नाही, रोजंदारीवर असलेल्याला नाही, एकट्याने संघ सांभाळणाऱ्याला नाही. म्हणजे मुलांना प्रत्यक्ष शिकवणारे बरेचसे लोक बाहेर राहतात आणि ज्यांना सवड आहे ते प्रमाणित होतात. दूरशिक्षण बंद करा म्हणणाऱ्यांनी निदान ही यादी डोळ्यांखालून घालावी.

माझी मागणी साधी आहे. प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्रावर, दूरचं असो की जवळचं, श्रेणीच्या खाली एक आकडा छापावा: या व्यक्तीला स्वतःच्या खेळाडूंबरोबर काम करताना जाणत्या माणसाने किती मिनिटं पाहिलं. व्याख्यानांचे तास नकोत, घटकांची संख्या नको. तेवढा एक आकडा. निवासी अभ्यासक्रमांनीही छापावा. त्यांच्यापैकी कित्येकांना तिथे शून्य लिहावं लागेल, आणि मग त्यांचं हसू मी पाहीन.

माझाही आकडा सांगते. मी ऐच्छिक स्वाध्याय सात वेळा केला, दर खेपेला वीस मिनिटं. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकशे चाळीस मिनिटं. आमच्या तुकडीत ते सर्वांत जास्त होते.